किरणांनंतरचे तोंड : भोपाळचा अनुभव आणि गोव्यापुढील प्रश्न

कर्करोगाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांवर होते. एका टोकाला निदानाचा धक्का असतो, दुसऱ्या टोकाला रुग्ण वाचला की गेला हा प्रश्न. या दोहोंच्या मधला, आठवडेच्या आठवडे चालणारा आणि पुढे आयुष्यभर सोबत राहणारा जो त्रास असतो, त्याची दखल क्वचितच घेतली जाते. तोंड, जीभ आणि घसा यांच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या किरणोपचाराने तोंडाच्या आत काय होते, तेथील जिवाणूंचा समतोल कसा ढळतो आणि त्यातून दातांपासून जबड्याच्या हाडापर्यंत हानी कशी पोहोचते, हा असाच एक दुर्लक्षित विषय आहे. त्याचा विचार करताना भोपाळकडे पाहणे उपयुक्त ठरते.

भोपाळचे नाव घेतले की २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली ती काळरात्र आठवते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या मिथाइल आयसोसायनेट वायूने हजारो बळी घेतले आणि लाखोंच्या प्रकृतीवर कायमचा घाला घातला. त्यानंतर थोड्याच वर्षांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात भोपाळचा समावेश झाला. वायुबाधित लोकसंख्येत कर्करोगाचे प्रमाण वाढते काय, हे तपासणे हा तेथील नोंदणीचा मुख्य हेतू होता. मात्र या नोंदणीने आणखी एक गोष्ट ठळकपणे पुढे आणली. भोपाळच्या पुरुषांमध्ये जीभ आणि तोंड यांचे कर्करोग वर्षानुवर्षे अग्रक्रमात राहिले आहेत. त्यांचे मोठे कारण तंबाखू आणि सुपारी हे आहे. भोपाळची ओळख सांगणाऱ्या जुन्या लोकोक्तीत जर्दा हा शब्द आरंभीच येतो, आणि बेगमांच्या काळापासून प्रसिद्ध असलेला तेथील जरीकामाचा बटवा मुळात पान-सुपारी बाळगण्यासाठीच होता. संस्कृतीचा अलंकार असलेली सवय रोगाचे कारण कशी ठरते, याचे हे उदाहरण होय.

मध्य प्रदेश शासनाने अन्नसुरक्षा नियमांच्या आधारे एप्रिल २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. या नियमांखाली असे पाऊल उचलणारे ते देशातील पहिले राज्य. महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैमध्ये तो मार्ग स्वीकारला. गोव्याने तर सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून २००५ मध्येच गुटखा हद्दपार करण्याचे ठरवले होते. परंतु पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी विकून कायद्याला वळसा घालण्याची पळवाट व्यापाऱ्यांनी लवकरच शोधली. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात मध्य प्रदेशातील ३४.२ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले. त्याच सर्वेक्षणात गोव्याचे प्रमाण ९.७ टक्के, म्हणजे देशात सर्वांत कमी होते. ही तफावत गोव्यासाठी समाधानाची असली, तरी निश्चिंत होण्याजोगी नाही. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार जण दगावले. यांतील बहुसंख्य रुग्णांच्या वाट्याला उपचाराच्या कोणत्या तरी टप्प्यावर किरणे येतात.

किरणे काय करतात?

डोके व मानेच्या कर्करोगासाठी साधारणपणे ६० ते ७० ग्रे एवढी एकूण मात्रा दिली जाते. ती एकदम देत नाहीत. आठवड्यातून पाच दिवस, दररोज सुमारे २ ग्रे, अशा रीतीने सहा ते सात आठवडे उपचार चालतो. अनेकांना सोबत सिस्प्लॅटिनसारखे औषधही दिले जाते. किरणे कर्कपेशींना मारतात, पण त्यांच्या वाटेत येणाऱ्या निरोगी पेशींनाही सोडत नाहीत. तोंडाच्या आतील नाजूक अस्तराच्या पेशी सतत नव्याने तयार होत असतात. ही निर्मितीच किरणांमुळे खुंटते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड लाल होऊ लागते, मग पांढुरके चट्टे दिसतात आणि पुढे उघड्या जखमा पडतात. वैद्यकीय भाषेत याला म्युकोसायटिस म्हणतात. शब्द परका वाटला, तरी अनुभव साधा आणि भयंकर आहे : पाण्याचा घोट घेतानाही तोंडात निखारा ठेवल्यासारखे वाटते. वरणभात गिळता येत नाही, बोलता येत नाही, झोप लागत नाही. किरणोपचार घेणाऱ्या बहुतेक रुग्णांना या ना त्या प्रमाणात हा त्रास होतो आणि त्यांतील बऱ्याच जणांना नाकातून नळी घालून अन्न द्यावे लागते.

दुसरा आघात लाळग्रंथींवर होतो. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घास ओला करते आणि गिळणे सुलभ करते, एवढेच तिचे काम नाही. लाळेतील बायकार्बोनेट आम्लाचा जोर कमी करते, कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांची झीज भरून काढतात, लायसोझाइम आणि प्रतिपिंडे जिवाणूंना आवर घालतात. कानाजवळच्या ग्रंथी किरणांच्या टप्प्यात आल्या की पहिल्या आठवड्यापासूनच लाळ घटू लागते आणि उरलेली लाळ घट्ट, चिकट होते. म्युकोसायटिस उपचार संपल्यावर काही आठवड्यांत भरून येतो. लाळेचे तसे नाही. ग्रंथींना मिळालेली मात्रा जास्त असेल, तर कोरडेपणा कायमचा होतो.

जिवाणूंचे राज्य बदलते

माणसाच्या तोंडात सातशेहून अधिक प्रजातींचे जिवाणू आढळले आहेत. एका व्यक्तीच्या तोंडात त्या सर्व नसतात, पण जे असतात ते एकमेकांना धरून आणि एकमेकांना रोखून राहतात. लाळ आटली आणि तोंडातील आम्लता वाढली की हा समतोल मोडतो. आम्लात फोफावणारे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स आणि लॅक्टोबॅसिलस वाढतात. निरोगी तोंडात नांदणारे स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस किंवा नायसेरियासारखे जिवाणू मागे पडतात. कॅन्डिडा नावाची बुरशी हातपाय पसरते. ही निरीक्षणे आजची नाहीत. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकातच संशोधकांनी ती नोंदवली होती. जनुकीय तपासणीच्या नव्या तंत्रांनी त्यांत तपशिलाची भर घातली आहे.

याचा परिणाम दातांवर विलक्षण वेगाने दिसतो. एरवी कीड दाताच्या चावण्याच्या पृष्ठभागावर किंवा दोन दातांच्या फटीत लागते आणि वर्षांनुवर्षे वाढते. किरणोपचारानंतरची कीड हिरडीलगत, दाताच्या मानेभोवती गोलाकार पसरते आणि काही महिन्यांत धडधाकट दात मुळापाशी तुटू शकतो. आयुष्यात एकदाही दाताच्या डॉक्टरकडे न गेलेल्या माणसाचे दात वर्ष-दीड वर्षात निकामी झाल्याचे पाहून कुटुंबीय चक्रावतात. त्यांना वाटते, किरणांनी दात जाळले. वास्तविक बहुतांश हानी लाळ नसलेल्या तोंडात जिवाणूंनी आणि त्यांच्या आम्लाने केलेली असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. तोंडाच्या जखमा जिवाणूंमुळे होतात, म्हणून जंतुनाशकाने ते मारले की प्रश्न सुटेल, असा विचार दीर्घकाळ केला गेला. तो अनुभवाच्या कसोटीला उतरला नाही. जखमेचा आरंभ किरणांनी पेशींना केलेल्या इजेतून आणि त्यातून उसळणाऱ्या दाहातून होतो. जिवाणू मागाहून येतात, उघड्या जखमेवर वस्ती करतात, दाह वाढवतात आणि बरे होण्याची गती मंदावतात. ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी खालावली आहे, त्याच्या रक्तात हाच जंतुसंसर्ग शिरला तर जिवावर बेतते. पण सरसकट जंतुनाशनाने जखमा टळत नाहीत. औषधांच्या दुकानात सहज मिळणारे क्लोरहेक्सिडीनचे द्रावण किरणोपचारातील म्युकोसायटिस टाळण्यासाठी वापरू नये, असेच आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचे मत आहे. उलट उपयुक्त जिवाणूंची भर घालून समतोल राखता येईल काय, या दिशेने आता संशोधन वळले आहे. चीनमध्ये स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हॅरियसच्या एका प्रकाराच्या चघळण्याच्या गोळ्या देऊन झालेल्या चाचणीत तीव्र जखमांचे प्रमाण घटल्याचे दिसले. हे निष्कर्ष आशादायक आहेत, पण त्यांच्या भरवशावर बाजारातील कोणतीही प्रोबायोटिक पुडी घेणे शहाणपणाचे नाही.

जबड्याचे हाड आणि वेळेचे गणित

सर्वांत गंभीर दुष्परिणाम मागाहून येतो. ६० ग्रेच्या आसपास किंवा त्याहून अधिक मात्रा मिळालेल्या जबड्याच्या हाडात रक्ताचा पुरवठा कमी होतो आणि इजा भरून काढण्याची त्याची ताकद जाते. विशेषतः खालच्या जबड्याला हा धोका अधिक असतो. अशा हाडातून दात काढला की जखम भरत नाही. हाड उघडे पडते, मरते, प्रसंगी मोडते. किरणोपचाराला दोन, पाच, दहा वर्षे उलटून गेल्यावरही हा धोका संपत नाही. कर्करोगातून बरा झालेला माणूस गावातल्या दवाखान्यात दुखणारी दाढ काढून घेतो, तेथील डॉक्टरला किरणोपचाराची कल्पनाच नसते आणि एका साध्या वाटणाऱ्या कृतीतून महिनोन्महिन्यांचे दुखणे मागे लागते. म्हणून वाचण्याची शक्यता नसलेले दात किरणोपचार सुरू होण्याच्या किमान दोन, शक्य तर तीन आठवडे आधी काढावेत, हा नियम जगभर पाळला जातो. पूर्वी सर्वच दात काढून टाकण्याची पद्धत होती. आता तसे करत नाहीत. जे टिकवता येतील ते टिकवावेत, हाच संकेत आहे.

नियम सोपा असला, तरी त्याची अंमलबजावणी अवघड आहे. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यायचा असेल, तर तो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा असे मानले जाते. कर्करोग वाट पाहत नाही. दातांसाठी तारीख मिळण्यास महिना लागला, तर एक तर दात तसेच राहतात किंवा मुख्य उपचार लांबतो. यावर उपाय एकच : निदान होताच दंततपासणी व्हावी. शस्त्रक्रिया होणार असेल, तर त्याच भुलीत निकामी दात काढून घेता येतात आणि रुग्णाचा एकही दिवस वाया जात नाही. हे ज्ञानाचे नव्हे, नियोजनाचे काम आहे.

भोपाळचा अनुभव येथे बोलका ठरतो. शहरात ईदगाह हिल्सवरील जवाहरलाल नेहरू कर्करोग रुग्णालय आहे, गांधी वैद्यकीय महाविद्यालय व हमीदिया रुग्णालय आहे, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. वायुपीडितांसाठी उभारलेले भोपाळ मेमोरियल रुग्णालयही आहे. पण राज्याचे जुने शासकीय दंत महाविद्यालय आहे इंदूरला. विदिशा, रायसेन, सीहोरपासून मराठी बोलणाऱ्या बैतूलपर्यंतचे रुग्ण भोपाळला येतात, धर्मशाळेत किंवा नातलगांकडे सहा-सात आठवडे काढतात आणि गावी परततात. तेथे त्यांच्या तोंडाकडे पाहणारा कोणी असेलच असे नाही. त्यातच सुपारीने होणाऱ्या फायब्रोसिसमुळे अनेकांचे तोंड आधीच दोन बोटांपलीकडे उघडत नसते. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा २००४ मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे. अशा आखडलेल्या तोंडात दात घासणे कठीण, तपासणे कठीण, दाढ काढणे तर त्याहून कठीण. किरणांनी स्नायू आणखी आखडतात. रोगाचे कारण आणि उपचाराचा दुष्परिणाम येथे एकमेकांचे हात बळकट करतात.

खंडाची किंमत

तोंडाच्या त्रासाकडे केवळ वेदना म्हणून पाहणे चुकीचे आहे. जखमा असह्य झाल्या की रुग्ण उपचार मध्येच थांबवतो. आठ दिवस गावी जाऊन येतो, थोडे बरे वाटले की परततो. तेवढ्या अवधीत उरलेल्या कर्कपेशी पुन्हा वाढू लागतात. उपचाराचा एकूण काळ लांबला, तर दर दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने किंवा त्याहून थोड्या अधिक प्रमाणात घटते, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. आठवड्याचा खंड म्हणजे किती नुकसान, हे सांगण्यास गणितज्ञ नको. म्हणजे तोंडाची निगा हा रुग्णाच्या सोयीपुरता विषय राहत नाही. तो वाचणे आणि न वाचणे यांच्याशी जोडला जातो.

उपाय आहेत आणि त्यांतील बरेचसे स्वस्त आहेत. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा भरणे, मऊ ब्रश वापरणे, तिखट, आंबट आणि गरम पदार्थ टाळणे, तंबाखू व मद्य पूर्ण बंद करणे, हे कोणत्याही घरात शक्य आहे. बेन्झिडामाइनच्या चुळा आणि कमी शक्तीच्या लेसरचा वापर यांना तज्ज्ञगटांनी मान्यता दिली आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मधाचाही उल्लेख आहे. मात्र मधात साखर असते आणि लाळ नसलेल्या तोंडात ती दातांना घातक ठरू शकते, म्हणून तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. दातांसाठी अधिक तीव्रतेचे फ्लोराइड जेल दररोज लावणे हा आजवरचा खात्रीचा मार्ग आहे. तो काही महिन्यांचा नव्हे, आयुष्यभराचा नेम असतो.

यंत्राचाही वाटा मोठा आहे. किरणांची तीव्रता ठिकठिकाणी कमी-जास्त करून लाळग्रंथी वाचवणारे आयएमआरटी हे तंत्र आता रूढ झाले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत जुन्या पद्धतीने उपचार घेतलेल्या ७४ टक्के रुग्णांना वर्षानंतर तोंडाचा लक्षणीय कोरडेपणा होता. नव्या तंत्राने ते प्रमाण ३८ टक्क्यांवर आले. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात झालेल्या चाचणीतही लाळग्रंथींची हानी घटल्याचे दिसले. परंतु निम्म्यावर आलेला त्रास म्हणजे संपलेला त्रास नव्हे. शिवाय गाठ ग्रंथींना लागून असेल, तर यंत्र कितीही आधुनिक असले तरी त्यांना वाचवता येत नाही.

गोव्याने काय घ्यावे?

गोव्याची परिस्थिती भोपाळहून वेगळी आहे आणि ती बरीच अनुकूल आहे. तंबाखूचे प्रमाण कमी आहे, अंतरे लहान आहेत आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि १९८० मध्ये स्थापन झालेले गोवा दंत महाविद्यालय बांबोळीच्या एकाच पठारावर शेजारी शेजारी उभे आहेत. जे इतरत्र दोन शहरांत विभागलेले आहे, ते येथे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या भौगोलिक भाग्याचे रूपांतर पक्क्या व्यवस्थेत करणे हे शासनाचे काम होय. तोंड, जीभ वा घशाच्या कर्करोगाचे निदान होताच त्याच आठवड्यात दंततपासणी व्हावी, तिचा अहवाल उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकीत असावा आणि त्याविना किरणोपचाराची तारीख निश्चित होऊ नये, असा साधा नियम करता येईल.

दुसरा प्रश्न उपचारानंतरचा आहे. गोव्यातील अनेक रुग्ण आजही मुंबईची वाट धरतात. तेथे उपचार संपला की पेडण्याचा रुग्ण पेडण्याला आणि काणकोणचा काणकोणला परततो. त्याच्या हाती किरणांची मात्रा, जबड्याचा कोणता भाग टप्प्यात होता आणि दात काढताना कोणती काळजी घ्यावी हे सांगणारे एक कार्ड असले पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी दंतचिकित्सकाने पहिली काही वर्षे दर तीन-चार महिन्यांनी त्याला पाहिले पाहिजे. फ्लोराइड जेल, बेन्झिडामाइन आणि बुरशीवरची औषधे शासकीय रुग्णालयांत विनामूल्य मिळाली पाहिजेत. केंद्राची आयुष्मान भारत योजना असो वा २०१६ पासून राबवली जाणारी राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, कर्करोगाच्या खर्चाचा विचार करताना दातांची तयारी आणि पुढील निगा हा उपचाराचाच भाग मानला गेला पाहिजे. लाखो रुपयांच्या किरणोपचारानंतर काही शे रुपयांच्या जेलअभावी दात आणि जबडा जात असेल, तर तो हिशेब कोणत्याही खात्याला शोभणारा नाही.

तिसरी गोष्ट प्रतिबंधाची. तीस वर्षांवरील सर्वांच्या तोंडाची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याचे धोरण केंद्राने आखले आहे. लवकर सापडलेली गाठ अनेकदा केवळ शस्त्रक्रियेने जाते आणि किरणांची गरजच पडत नाही. किरणोपचाराचे दुष्परिणाम टाळण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही. गोव्यात औद्योगिक वसाहतींत, बांधकामांवर आणि बंदरात काम करणारा मजूर मोठ्या प्रमाणात बाहेरून येतो आणि येताना गुटख्याची सवयही घेऊन येतो. ९.७ टक्क्यांच्या सरासरीत त्याचे तोंड दिसत नाही. तपासणीच्या शिबिरांनी त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

भोपाळने एका रात्रीत जे सोसले, त्याची बरोबरी कशाशी होणार नाही. पण त्याच शहरात तंबाखू आणि सुपारीने संथपणे चालवलेला दुसरा घात नोंदणीच्या रकान्यांत वर्षानुवर्षे उमटत राहिला आहे. त्या रकान्यांत रुग्ण मोजले जातात. उपचारानंतर ज्याला भाकरी चावता येत नाही, चार माणसांत बोलताना ज्याची जीभ टाळूला चिकटते, त्याचे दुःख तेथे नोंदले जात नाही. कर्करोगावर मात केलेल्या माणसाला पुन्हा घासभर अन्न चवीने खाता यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. बांबोळीच्या पठारावर ती पूर्ण करण्याची साधने आहेत. त्यांना एका नियमात बांधण्याची इच्छाशक्ती तेवढी हवी.